हरणाची काडतुसं

मामाजींनी काडतुसाची पितळी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आता कापूस. चिमूटभर. दाबू नको फार, नुसता बसला पाहिजे."

मी शेवरीचा कापूस बोटांनी मोकळा केला आणि पुंगळीत सारला. तळाशी बारूद होती, अर्ध्याच्याही खाली. एवढ्या लांब पुंगळीत एवढीशी बारूद इकडेतिकडे हलू नये, पेंदातल्या ठिणगीच्या टोपीपाशीच राहावी, म्हणून वरची पोकळी कापसानं भरायची आणि त्यावर शिशाची गोळी बसवायची. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सोनाराच्या काट्यावर बारूद तोलताना ते पारड्याकडे बघत नव्हते, काटा बोटानं चाचपत होते. गोळी बसवण्याचं काम मात्र त्यांनी मला दिलं नाही.

"ही हरणाची काडतुसं," ते म्हणाले. "चितळासाठी भरली. हलकी आहेत, तुले सोसतील."

"आणि मोठ्या जनावराची?"

"ती वेगळी. ती तुह्या कामाची नाहीत."

एवढं बोलून त्यांनी ती चार काडतुसं कमरपट्ट्यात खोचली, पट्टा माझ्यापुढे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

भंडारा जिल्ह्यात, रानाला लागून आमचं कोसमटोला गाव. मामाजी म्हणजे माझे सासरे, मन्साराम कापगते. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली तरी लोक त्यांना मालकच म्हणत. ते शिकारीसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी पाचशे बोअरची दोन नळ्यांची रायफल घेतली होती. वाघ, गवा अशा मोठ्या जनावरांसाठीच केलेली ती चीज. पूर्ण भरलेलं काडतूस त्यातून उडालं, की धडधाकट माणसाचाही पाय मागे सरकायचा आणि खांदा आठ दिवस ठणकायचा. पुढे विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा मामाजी जुन्याच पुंगळ्या घरी भरू लागले.

त्या वर्षी धान चांगलं आलं होतं. लोंब्या भरल्या आणि रानातून चितळं उतरू लागली. जेवढं खात त्याहून जास्त तुडवत. गावात बाकीच्यांकडे दोन ठासणीच्या बंदुका होत्या, त्यांचा नुसता आवाज. डफडी वाजवून, मशाली फिरवून माणसं थकली. शेवटी पाटील डोमाजी आमच्या दारी आले. त्यांना मामाजींचे डोळे ठाऊक होते, तरी बोलले, "मालक, तुमची रायफल घरात असून धान जाऊन राहिलं."

त्यांच्याबरोबर आलेला कोणी तरी हळूच म्हणाला, "चालवणारा कोण आहे आता? होता तोही..."

पुढचं त्यानं गिळलं. मी दाराआड होते. पुढचं मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी माझे यजमान, हेमराज, गव्याच्या शिकारीत गेले. एकटा पडलेला जखमी गवा उसात शिरला होता; कोणी तरी ठासणीच्या बंदुकीनं त्याला चिडवून सोडलं होतं. त्यानं सरपण वेचायला गेलेल्या एका बाईला मारलं. मामाजी तेव्हा कोर्टाच्या तारखेला भंडाऱ्याला गेले होते. गाव आमच्या अंगणात जमलं. हे उठले, रायफल घेतली, खुंटीवरचा पट्टा कमरेला बांधला. मला म्हणाले, "घाबरू नको. बाबा असते तर गेलेच असते."

दसरू उईके वाटाड्या म्हणून बरोबर गेला. दोन्ही बार झाले. गवा पडला नाही, तो सरळ आला.

संध्याकाळी त्यांना बाजेवर घालून आणलं. छाती मोडली होती. दसरू पुन्हा पुन्हा सांगत होता, "लागल्या होत्या जी. दोन्ही लागल्या होत्या." पण पाचशेच्या रायफलीच्या दोन गोळ्या लागल्यावर गवा चालून येतो, हे कोण मानणार? निरोप मिळून दुसऱ्या दिवशी मामाजी आले, कोणाशी न बोलता एकटेच रायफल घेऊन रानात गेले आणि त्याच गव्याला एका बारात पाडलं. मग तर बोलणंच संपलं. बापाच्या एका गोळीत जे झालं ते पोराच्या दोन गोळ्यांत झालं नाही. हात थरथर कापला असेल. डोळे मिटले असतील. लहानपणी मिटायचाच की. तेराव्याच्या जेवणाला लोकांनी मामाजींना विचारलं, तेव्हा ते पानाकडे बघत म्हणाले, "नेम चुकला."

बापच म्हणाला, मग गावाला काय. पोरं खेळात म्हणायची, "गवा आला, हेमराज मेला." मी विहिरीवर गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. माझा लेक तेव्हा रांगत होता.

त्या गव्याची शिंगं मामाजींनी घरात आणली नाहीत. कातडं कोणाला काढू दिलं नाही. खड्डा खणून अख्खं धूड पुरायला लावलं. लोक म्हणाले, पोराचा वैरी होता, बापाला बघवलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

तर त्या दिवशी पाटील गेल्यावर मी मामाजींना म्हटलं, "मी चालवते."

बाईनं बंदूक धरणं त्यांना मंजूर नसेल असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "काऊन? धानासाठी, का त्याच्यासाठी?"

"दोन्हीसाठी."

"नेम?"

"यांनी शिकवला होता. छऱ्याच्या बंदुकीवर."

हे खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात परसात मडकी मांडून ते मला शिकवायचे. माझा छर्रा लागला की मडक्यापेक्षा तेच जास्त खूश व्हायचे. स्वतः शिकारीहून आले की सदरा काढून मला खांदा दाखवायचे. "बघ, डाग पण नाही. बाबांच्या रायफलीनं लोक लोळतात, मले काहीच होत नाही." मी त्या खांद्याला हात लावून म्हणायची, "पैलवान झाले." ते हसायचे.

मामाजींनी मग शेवरीचा कापूस मागवला आणि काडतुसं भरायला बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं शेतावर गेलो. दसरू पुढे, मध्ये मी, मागे काठी टेकत मामाजी. त्यांना येऊ नका म्हटलं तरी आले. शेताच्या कडेला मोहाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी आम्ही बसलो. दव एवढं होतं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. रायफल जड होती. मी तिची नळी बांधावरच्या दगडावर टेकवली आणि मागचा लाकडी दस्ता खांद्यात घट्ट रोवला, ह्यांनी शिकवलं होतं तसा.

उजाडू लागलं. धानावर धुकं होतं. त्यातून काही तरी हललं. चितळाएवढं लहान नव्हतं ते. मान वर झाली तेव्हा शिंगं दिसली, पार मागे गेलेली, दांडगी.

"सांबर," दसरू कुजबुजला. "लय मोठं आहे जी."

मागून मामाजींचा आवाज आला, "काय आहे?"

"सांबर, मालक."

"नको," मामाजी म्हणाले. "सूनबाई, नको. ही काडतुसं त्याले..."

मी घोडा दाबला होता.

धक्का बसला, पण मी मनात धरला होता त्याच्या निम्माही नाही. आवाजही फार झाला नाही. सांबर जागच्या जागी गुडघ्यांवर आलं आणि मला वाटलं, संपलं. पण ते उठलं. पुढचा उजवा पाय अधांतरी धरून, तीन पायांवर, ते धान तुडवत रानाच्या दिशेनं गेलं. त्याच्या तोंडून एक आवाज निघत होता, फुटलेल्या भात्यासारखा.

मी उभी राहिले. माझ्यासमोर हवेत पांढरं काही तरी तरंगत होतं. नळीतून निघालेला कापूस. थोडा जळका, थोडा पांढरा. धानाच्या लोंब्यांवर, दवावर त्याचे पुंजके हळूहळू बसत होते.

दसरू त्याच्याकडेच बघत होता. "हाच," तो म्हणाला. "त्या दिवशी बी हाच उडाला होता. मले वाटलं पाखराचं घरटं फुटलं. पानापानावर होता."

"कोणत्या दिवशी?" मी विचारलं.

"गव्याच्या दिवशी जी. भाऊंनी बार केले तवा."

"दसरू!" मामाजी ओरडले. "जनावर चाललं. बडबड काय करून राहिला? माग घे."

दसरूनं खाली मान घातली आणि तो रक्ताच्या थेंबामागे चालू लागला. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. मला त्यांचा दिसत होता.

आम्ही चालत राहिलो. आधी रक्त ठळक होतं, मग पानावर एखादा थेंब, मग तेही नाही. दसरू खुरांचा माग बघत होता. एका पायाचा ठसा फरफटलेला होता. मामाजी मागे पडायचे, ठेचकाळायचे, पण थांबा म्हणाले नाहीत. मी त्यांना हात दिला नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पूर्ण भरलेल्या काडतुसात कापूस नसतो, जागाच उरत नाही. हे मला कालच त्यांनी भरता भरता सांगितलं होतं. आणि माझा खांदा दुखत नव्हता. रस्त्यात एका ठिकाणी पदराआडून मी तो चाचपून पाहिला. दुखरी जागा कुठेच लागली नाही.

ऊन चढल्यावर नाल्यात सांबर दिसलं. ते पाण्यात उभं होतं. बसलं असतं तर उठता आलं नसतं, म्हणून उभं असावं. पाणी पोटाखाली लालसर झालं होतं. आम्हाला पाहून त्यानं मान हलवली, पण पाय उचलला नाही. डोळे मोठे, ओले. मी पुन्हा नेम धरला, यावेळी मानेवर. बार झाला. ते पाण्यात कोसळलं आणि मान आपटत राहिलं. मेलं नाही. कापूस पाण्यावरून वाहत आला.

"दसरू," मी म्हटलं.

दसरू कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरला. मी तोंड फिरवलं नाही. माझ्यामुळे झालं होतं, ते मी बघायलाच पाहिजे होतं.

ओढून काठावर आणल्यावर मी दसरूला म्हटलं, "खांदा फाड."

"घरी नेऊन..."

"इथं फाड. पहिली गोळी काढ."

मामाजी एका दगडावर बसले होते, दोन्ही हात काठीवर. ते म्हणाले, "काऊन बघायचं आहे तुले?"

मी दसरूला हातानं खूण केली. दसरूनं सुरी चालवली. गोळी फार आत नव्हती. कातडं आणि मांस भेदून ती खांद्याच्या हाडावर थडकली होती, हाडाला चीर पाडून तिथेच चपटी झाली होती. आत फुफ्फुसापर्यंत गेलीच नव्हती. चितळाचं हाड असतं तर ते तोडून ती पार गेली असती. सांबराच्या हाडानं तिला अडवलं.

मग गव्याच्या हाडानं काय केलं असेल?

मी ती गोळी धुतली नाही. तशीच नेऊन मामाजींच्या तळहातावर ठेवली.

"त्यांच्या पट्ट्यात हीच होती," मी म्हटलं. "हरणाची."

ते बोटांनी गोळी फिरवत राहिले. मग म्हणाले, "हाव."

"त्यांना ठाऊक होतं?"

"नाही."

दसरू सांबराजवळ उकिडवा बसला होता, त्याचा हात थांबला.

"सतरा वर्षांचा होता," मामाजी बोलू लागले. "पहिल्यांदा रायफल उडवली अन् उताणा पडला. खांदा काळानिळा. पुढच्या खेपेला घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटून घेतले. लोक हसले. मी बी हसलो, सूनबाई. चारचौघांत हसलो. त्या दिवसापासून तो रायफल पाहिली की परसात निघून जाये." त्यांनी गोळी नखानं खरवडली. "मग मी हलकी भरली. म्हटलं, एकदा जनावर पाडलं की भीती जाईल. त्यानं चितळ पाडलं. मले येऊन म्हणाला, बाबा, आता मले लागत नाही. किती खूश होता. मी कसं सांगू का बाबा, तू मोठा झाला नाहीस, बारूद कमी झाली?"

"एवढी वर्षं?"

"पुढं पुढं तर सांगायची हिंमतच राहिली नाही. मी बरोबर असताना मोठ्या जनावरावर मीच बार करत जाये. जड काडतुसं माह्या पेटीत. चाबी माह्या कमरेला. भंडाऱ्याहून दोन दिवसांत येणारच होतो न मी."

नाल्याचं पाणी वाहत होतं. मला वाटलं होतं मी ओरडेन. माझा आवाज अगदी हळू निघाला. "आणि नेम?"

मामाजींनी गोळी मुठीत मिटली.

"मामाजी, तुम्ही गवा पुरला. आधी फाडला होता का?"

"हाव."

"कुठं होत्या गोळ्या?"

त्यांनी आपला हात पुढे केला, अंगठा आणि करंगळी ताणून. "खांद्याच्या मागं. एवढ्या जागेत दोन्ही. याच्याहून चांगला नेम मी बी जन्मात मारला नाही." त्यांनी हात तसाच ताणून धरला होता. "तो पळाला नाही. डोळे मिटले नाहीत. दुसरा बार त्यानं गवा अंगावर येताना केला अन् तो बी तिथंच."

"त्या गोळ्या?"

"तलावात फेकल्या."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. तेराव्याचं ते पान, त्या पानाकडे बघून उच्चारलेले ते दोन शब्द. मी त्या दिवशी वाढत होते. वरणाचं पातेलं माझ्या हातात होतं.

"नेम चुकला, असं तुम्ही सांगितलं."

"सांगितलं."

"का?"

"काय सांगू, काऊन ते?" ते म्हणाले. "लोकं माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते. पोरगा तर गेला होता. त्याले आता काय लागणार होतं? असं वाटलं मले त्या घडीले. मेलेल्याची अब्रू दिली अन् आपली राखली."

दसरू उठला. मालकांपुढे तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, "मी दोन वर्षं खोटारडा झालो जी गावात."

मामाजींनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि हात जोडले. दसरूनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

"सांबराचे वाटे करायला आज गाव आपल्याच अंगणात येईल," मी म्हटलं. "तिथं सांगा. सगळं. मी ऐकेन."

"सांगतो," मामाजी म्हणाले.

मला त्यांचा भरवसा नव्हता. पण त्यांनी सांगितलं.

दुपार कलली तेव्हा अंगण भरलं होतं. पळसाच्या पानांवर वाटे मांडले होते. सूनबाईनं सांबर पाडलं म्हणून बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होत्या. मामाजी ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वाटे घ्यायच्या आधी ऐका. माह्या हेमराजचा नेम चुकला नव्हता. दोन्ही गोळ्या गव्याच्या खांद्यात होत्या. मी माह्या हातानं काढल्या. पण काडतुसं हलकी होती. मी भरली होती, त्याले न सांगता. तो भित्रा नव्हता. मी त्याले मारलं."

एका बाईचं रडतं पोर तेवढं ऐकू येत होतं. मी लोकांचे चेहरे बघत होते. दोन वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते, तो असा येणार हे ठाऊक नसताना.

डोमाजी पाटील पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी वाकून मामाजींच्या पायांना हात लावला.

"मालक," ते म्हणाले, "बापाचं मन आहे. आम्हाले समजते."

"काय समजते?"

"पोराच्या नावावरचा डाग बापाले बघवत नाही. तुम्ही तो आपल्या माथ्यावर घेऊन राहिले. पण आम्ही हेमराजले कधी नाव ठेवलं का? गव्यापुढं कोणाचा बी हात कापते."

"नाही कापला!" मामाजी ओरडले. "कापला नाही त्याचा हात! दसरू, सांग!"

"लागल्या होत्या," दसरू म्हणाला. "मी तवा बी सांगितलं."

"तू तर घरचाच माणूस, दसरू," कोणी तरी मायेनं म्हणालं.

मी पुढे झाले. पदरातली चपटी गोळी काढून पाटलांसमोर धरली. "ही बघा. आजची. हाडातून पार गेली नाही. अशीच भरलेली काडतुसं यांच्या पट्ट्यात होती."

पाटलांनी गोळी घेतली, उलटसुलट केली आणि आदरानं परत दिली. "तुमचा तर हा पहिलाच बार, सूनबाई. तेवढं झालं हेच लय झालं." मग वळून लोकांना म्हणाले, "चला, वाटे उचला. मालकांना आराम करू द्या."

मामाजी बोलत होते. खांब धरून, जिकडून आवाज येई तिकडे तोंड करून, बारूद किती आणि कापूस किती हे सांगत होते. गव्याला पुरलं ती जागा दाखवतो म्हणत होते. जेवढं सांगत तेवढे लोक हळवे होत होते. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. पानात वाटा बांधून जाता जाता एक जण दुसऱ्याला म्हणाला, आणि ते मी ऐकलं, "बाप असावा तर असा. पोरगा मात्र त्याच्या पोटी..."

अंगण रिकामं झालं. दसरूनं आपला वाटा उचलला नव्हता. तो मुकाट्यानं जागा धूत होता. मामाजी ओसरीवर बसले. त्यांना किती वेळ कळलंच नाही की लोक गेले.

"सूनबाई," शेवटी त्यांनी विचारलं, "मानलं का त्यांनी?"

"नाही."

"कोणीच नाही?"

"नाही."

ते रडले. गव्याच्या दिवशी, तेराव्याला, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी उठून पाणी आणलं, त्यांच्या हातात तांब्या दिला. त्यांच्याविषयी माझ्या मनात दया नव्हती. पण त्या अंगणात माझ्या नवऱ्याचा नेम ज्यांना ठाऊक होता अशी आम्ही तिघंच माणसं होतो.

"आता काय करू मी?" ते म्हणाले.

"उद्या पुन्हा सांगा."

त्यांनी सांगितलं. त्यानंतर ते जगले तेवढी वर्षं ते सांगत राहिले. पाटलांना, पटवाऱ्याला, गुरं हाकणाऱ्याला, वाट चुकून दारी आलेल्या कासाराला. पुढे पुढे लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याचं डोकं गेलं, बिचारा पोराच्या दुःखानं खचला. रायफल मी पोलीस ठाण्यात जमा करायला लावली. शेतावर पुन्हा डफडी वाजू लागली.

मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. पण कोणी आलं आणि मामाजींनी खांबाला पाठ टेकून "माह्या हेमराजचा नेम..." अशी सुरुवात केली, की मी हातातलं काम टाकून ओसरीवर यायची आणि ते सगळं सांगून संपेपर्यंत तिथेच उभी राहायची. मध्ये एखादी गोष्ट सुटली तर मी त्यांना आठवण करून द्यायची.

"मामाजी, दुसरी गोळी. ती सांगायची राहिली."